धुळदेवचा तळहात

धुळदेव मदनेला काहीही विचारलं, अगदी "चहा घेणार का" एवढंच जरी विचारलं, तरी तो आधी उजवा तळहात छातीसमोर उभा धरायचा. मग मनातल्या मनात एक, दोन, तीन म्हणून होईल एवढा वेळ गप्प. आणि मग उत्तर द्यायचा, "घेतो की." तेवढ्या वेळात चहा काही निवायचा नाही, पण विचारणाऱ्याचं डोकं मात्र तापायचं. माझं तर हमखास.

हा तळहात कुठून आला ते मला फार उशिरा कळलं. मेंढरं रस्ता ओलांडत असतात तेव्हा एकजण मधोमध उभा राहून गाड्यांना असाच हात करतो. त्यात विनंती नसते आणि अरेरावीही नसते. थांबा, जातायत, झालं की सोडतो, एवढंच असतं. धुळाचं सगळं लहानपण हा हात करण्यात गेलं. पुढे तो शिकला, पुण्याला गेला, मोठ्या कंपनीत दुसऱ्यांचे सर्व्हर सांभाळू लागला, पण हात तसाच राहिला. डोक्यातून विचार रस्ता ओलांडायला लागले तरी तो वर यायचा.

त्याची आठवण निघाली ती माझ्या नातीमुळे. परवा मुक्ताचा पुण्याहून फोन आला. नोकरीच्या मुलाखतीत तिला विचारलं होतं, वेब ॲप्लिकेशन कंटेनरमध्ये ठेवावं की सर्व्हरलेस करावं. तिनं पाठ केलेलं उत्तर दिलं म्हणे, पण समोरच्यांचं समाधान झालं नाही. मी विचारलं, "मेंढरं बसवण्याचं सांगितलंस का? आणि बिऱ्हाडाचं?"

मग ती हळूच म्हणाली, "आजी, आज गोळ्या घेतल्यास ना?"

घेतल्या होत्या. म्हणूनच सगळं नीट आठवतंय.

तेव्हा मी एकोणसाठ वर्षांची अल्लड पोर होते. साखर कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागातून निवृत्त होऊन वर्ष झालं होतं. घरी बसले तर सुनेचं डोकं खाईन, हे मलाही कळलं होतं आणि सुनेला तर माझ्या आधी कळलं होतं. माझ्या एका जुन्या सहकाऱ्याचा मुलगा, प्रसाद, यानं बारामतीत मोटार रिवाइंडिंगच्या दुकानाच्या वर छोटं ऑफिस काढलं होतं. डेअरीची, शाळांची वेबसाइटची कामं करायचा. त्यानं बोलावलं आणि मी इंदापूरहून रोज एसटीनं जायला लागले. काम एकच, सर्व्हर सांभाळायचा.

सर्व्हर म्हणजे कोपऱ्यातल्या काचेच्या खोलीत ठेवलेलं एक काळं खोकं. ऑफिसनं केलेल्या सगळ्या वेबसाइट त्या एकट्या खोक्यावर चालायच्या. मी त्याचं नाव ठेवलं होतं नंदिनी. खोलीची किल्ली माझ्या कमरेला. दारावर माझ्या अक्षरात पाटी, "पादत्राणे बाहेर काढावीत." एसी अठरावर. आत शिंकायलासुद्धा बंदी. डेअरीचा माणूस काही विचारायला आला तर त्याला दारातूनच नंदिनीचं दर्शन. अशी मी, सर्व्हरची सासू. कारखान्यात पस्तीस वर्षं काढल्यामुळे कॉम्प्युटरमधलं जे मला ठाऊक नाही ते अजून निघालंच नाही, अशी माझी प्रामाणिक समजूत होती.

पुण्याची नोकरी सोडून धुळा प्रसादकडे कामाला आला तो पहिल्याच दिवशी चपला बाहेर काढून, काळी घोंगडी पांघरून आत शिरला. हातात काठी. काठी भिंतीला टेकवली, नंदिनीकडे पाहिलं आणि खुर्चीवर पाय वर घेऊन उकिडवा बसला.

मी म्हटलं, "घोंगडी कशाला?"

हात वर. एक, दोन, तीन.

"अक्का, हितं तर महाबळेश्वर केलंय तुमी."

माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी लहान माणूस, ना ओळख ना पाळख, आणि थेट अक्का. कारखान्यात मला सगळे मॅडम म्हणायचे. मी ठरवलं, याच्याशी आपलं जमणार नाही. पुढची काही वर्षं मी हे रोज ठरवत होते.

त्याच्या सवयी मला खटकायच्या आणि मी त्या लक्षात ठेवायची. तो कधी काही मोजायचा नाही. पडद्यावर चालू कामांची लांबच लांब यादी असायची, तो दारातून नुसती नजर टाकायचा आणि म्हणायचा, "एक कमी हाय." मी बोट लावून लावून मोजायची आणि एक कमी निघायचं. एखादं काम मंद चाललं की म्हणायचा, "लंगडतंय ते." बंद पडलं तर, "बसलं." आणि नंदिनी हे नाव त्यानं कधीच तोंडातून काढलं नाही. एकदा मी कारण विचारलं.

"नाव ठिवलं की जीव जडतो, अक्का. जीव जडला की मग ते म्हातारं झालं तरी बदलवत न्हाय."

"तुम्ही मेंढरांना नावं ठेवत नाही?"

"ठिवतो की. पर एखाद्यालाच. जे म्होरं चालतं त्याला."

डेअरी आणि शाळांच्या कामाशिवाय त्यानं स्वतःचं एक पान नंदिनीवर ठेवलं होतं. कोणाचं काम नव्हतं ते, त्याचं स्वतःचं होतं. पानावर एकच मोठं बटण. रानात कुठं मेंढरू आजारी पडलं की मेंढक्यानं फोनवर ते पान उघडायचं, बटण दाबून बोलायचं. तो कुठं आहे ते फोनच सांगणार, आणि जवळपासच्या ज्या जनावरांच्या डॉक्टरांनी धुळाकडे नाव दिलं होतं त्यांना तो आवाज जाणार. लिहिता-वाचता यायची गरज नाही.

हे पान का, ते त्यानं मला एकदाच सांगितलं. तो पुण्यात असताना त्याच्या वडिलांच्या खांडव्यात, म्हणजे कळपात, रोग आला. वडील डॉक्टर शोधत दोन गावं पायी हिंडले. डॉक्टर घेऊन परतले तोवर निम्मी मेंढरं पुरून झाली होती. "मी तवा यसी खोलीत दुसऱ्याची यंत्रं राखत हुतो," तो म्हणाला. "म्हाताऱ्यानं हाक कुणाला मारायची?" म्हणून त्याला आयुष्यात एकच गोष्ट करायची होती. रानातून हाक आली की तिला ओ मिळाली पाहिजे. आपण हजर असो वा नसो.

आणि मी काय केलं ते ऐका.

आमच्याकडे खंडेनवमीला यंत्रांची पूजा करतात. कारखान्यात त्या दिवशी लेथ, मोटारी, सगळं बंद ठेवायचं, पुसायचं, हळदकुंकू वाहायचं. यंत्र वर्षभर राबतं, त्याला एक दिवस विसावा. मी नंदिनीलाही तो मान द्यायचं ठरवलं. डेअरीला आधी कळवलं, शाळांना तर सुट्टीच होती. धुळा देवाला गावी गेला होता. त्याला कळवायचं मला सुचलंच नाही. मेंढक्यांना काय पत्र पाठवायचं असतं? सकाळी दहाला मी नंदिनीचं बटण बंद केलं, झेंडूचा हार घातला, नारळ फोडला, नवी साडी नेसले होते म्हणून प्रसादकडून दोघींचा फोटोही काढून घेतला. संध्याकाळी पाचला परत चालू केली. इतकं प्रसन्न वाटत होतं म्हणून सांगू.

मेंढरं पावसाळा संपला की याच सुमारास वाटेला लागतात. कोंडाबाई नावाची एक बाई त्या दिवशी फलटणच्या पुढच्या माळावर कळप घेऊन होती. दोन मेंढ्यांची पोटं फुगली. ती दुपारभर बटण दाबत राहिली. पान उघडेना. शेवटी चालत निघाली. डॉक्टर घेऊन परतली तोवर दोन्ही मेंढ्या गेल्या होत्या.

धुळा दुसऱ्या दिवशी ऑफिसात आला. त्याला सगळं कळलं होतं. नंदिनीच्या गळ्यात अजून हार होता. मी विचारलं, "तुझ्या पानाला काही झालं का रे?" त्यानं हात वर केला. एक, दोन, तीन झालं, दहा झालं, वीस झालं. खाली रिवाइंडिंगच्या दुकानात मोटार घरघरत होती ती बंद झाली. मग तो म्हणाला,

"यंत्राला सुट्टी दिलीत ते बरं केलंत, अक्का. मेंढराच्या पोटाला सुट्टी न्हाय."

ओरडला असता तर मी भांडले असते. भांडण मला छान जमायचं. त्या दिवशी मी घरी येऊन तो फोटो पुसून टाकला.

पुढच्याच आठवड्यात त्यानं प्रसादला सांगितलं, ही एका खोक्याची मिजास बास झाली. सगळं कंटेनरमध्ये भरू आणि क्लाउडवर भाड्याच्या यंत्रांवर चालवू. मी कडाडून विरोध केला. आपली वेबसाइट कुठल्या यंत्रावर आहे हेच आपल्याला दिसणार नाही, हे मला सोसवेना. धुळा वाद घालायचा नाही. एका संध्याकाळी परतीच्या एसटीत तो माझ्या मागे चढला आणि सणसरला मला म्हणाला, "अक्का, उतरा. पुढची गाडी हाय अर्ध्या तासानं."

तिथं उसाचं रान नुकतंच मोकळं झालेलं होतं आणि त्याचा थोरला भाऊ, आबा, खांडवं घेऊन पोचत होता. मागून वहिनी घोड्याचा लगाम धरून. घोड्याच्या पाठीवर अख्खं घर. धुळा म्हणाला, "बगत रहा नुसतं." वहिनीनं घोडं थांबवलं. वाकळा उतरल्या, पातेली उतरली, पिठाची पिशवी, तिखटामिठाचे डबे, कोंबड्यांचं डालगं, दोन तान्ही कोकरं. बघता बघता चूल पेटली, भाकरी थापायला सुरुवात. जाळी रोवून मेंढरं आत.

"काल हे घर कुठं हुतं?" धुळानं विचारलं.

"मला काय माहीत."

"निमगावाच्या रानात. परवा आणखी तिसरीकडं. पर वैनीचा हात अंधारात मिठाच्या डब्यावर जातो. का, तर बिऱ्हाड बांधायची रीत एकच. हेच कंटेनर. वेबसाइटला लागतं ते सगळं एका गाठोड्यात. ह्या यंत्रावर सोडा न्हायतर त्या यंत्रावर, घर तेच."

मला कुठंतरी खोट काढायचीच होती. मी म्हटलं, "चुलीचे दगड नाही आणले त्यांनी."

हात वर. एक, दोन, तीन. या वेळी तो हसला.

"आता कळलं तुमाला. दगड त्या त्या रानाचं. तेवढं यंत्राकडनं घ्यायचं. दगड कोण वाहून नेतो?"

वहिनीनं मला भाकरी आणि ठेचा दिला. पुढची गाडी चुकली, त्याच्या पुढचीही चुकली. सुनेला मी सांगितलं, ऑफिसात महत्त्वाचं प्रशिक्षण होतं.

तर डेअरी, शाळा आणि धुळाचं पान, सगळी बिऱ्हाडं क्लाउडवर गेली. डेअरीचं उत्तम जमलं. तिथं पहाटे आणि संध्याकाळी दूध मोजायचं, मधल्या वेळात लांबलचक हिशेब, दिवसभर काही ना काही चालूच. घर सदा जागं. मी फक्त एक हट्ट धरला, सगळ्या नोंदींची मूळ वही मात्र नंदिनीतच राहील. प्रसादनं माझं वय बघून मान्य केलं. धुळानं माझ्याकडे बघून.

मग नरसिंहपूरचं काम आलं. तिथल्या एका धर्मशाळेला जयंतीच्या उत्सवासाठी खोल्यांची नोंदणी वेबसाइटवर करायची होती. वर्षातले चार दिवस झुंबड आणि बाकी वर्षभर चिटपाखरू नाही. धुळा म्हणाला, याला बिऱ्हाड कशाला थाटायचं, सर्व्हरलेस करू.

"सर्व्हरशिवाय वेबसाइट चालणार कशावर? माझ्या डोक्यावर?"

"सणसरचं ते रान आठवतंय? त्या शेतकऱ्यानं आबाला हाक मारून मेंढरं बसवून घेतली. चार रात्री बसली, रानाला खत मिळालं, त्यानं चार रात्रींचं धान्य दिलं. मेंढरं पुढं गेली. आता मला सांगा, त्या शेतकऱ्याला काय पायजे हुतं?"

"मेंढरं."

"न्हाय. खत. मेंढरं पाळायची, चारायची, दुखलंखुपलं बघायचं, ही त्याच्या मागं कटकटच न्हाय. हाक मारली की यायची, काम झालं की जायची. तसं हे. कुणी पान उघडलं की तेवढ्यापुरतं यंत्र उठतं, काम करतं आणि जातं. दहा लोक आलं तर दहांना पुरतं, हजार आलं तर हजारांना."

"म्हणजे सर्व्हर असतोच."

"असतो तर. रानात मेंढरं बसली म्हणजे कुणीतरी जागं असतंच, अक्का. फक्त तो शेतकरी नसतो."

नोंदणी सुरू झाली त्या दुपारी खरोखर हजारांनी लोक आले. सर्व्हरलेसनं सगळ्यांना दार उघडलं, आणि पंधरा मिनिटांत सगळं ठप्प. झालं असं, की दारं हजार होती पण आत नोंद करायची वही एकच, माझ्या नंदिनीत. हजार माणसं हजार घागरी घेऊन एका आडावर वाकली. आड बिचारा काय करणार? धर्मशाळेचे व्यवस्थापक फोनवर वाटेल ते बोलत होते. आणि मी, सांगायला लाज वाटते, मनातून खूश होते. बघा तुमचं सर्व्हरलेस.

धुळानं फोन घेतला आणि म्हणाला, "चूक माझी हाय. आड बघायच्या आधी मी गाव बोलावलं. सांजंपर्यंत करून देतो." आड माझ्या हट्टाचा होता हे त्यानं त्यांनाही सांगितलं नाही आणि प्रसादलाही नाही. वही क्लाउडवर नेली, घागरींना रांग लावली, आणि संध्याकाळी नोंदणी सुरळीत. मी किल्ली कमरेची काढून त्याच्या टेबलावर ठेवली. त्यानं नंदिनीचा प्लग काढला आणि आपली घोंगडी तिच्यावर घातली. खोलीतला एसी बंद केला. तिला थंडी वाजेल म्हणून घोंगडी घातली की मला बरं वाटावं म्हणून, ते मी विचारलं नाही. हात वर करून तीन आकडे गप्प बसला असता आणि मला रडू आलं असतं.

दोन वर्षं बरी गेली. मग आबाचे गुडघे गेले. खांडवं घेऊन कोकणात कोण जाणार, हा प्रश्न निघाला. आबाला मुलगी एकच, ती सासरी. मेंढरं विकायची म्हटलं की वहिनी जेवायची नाही. धुळानं प्रसादला सांगितलं, मी जातो. प्रसादला वाटलं महिनाभराची रजा मागतोय. तो नोकरी सोडत होता.

त्यानं जाण्याआधी एकच काम हाती घेतलं. मेंढरांचं पान कंटेनरमधून काढून सर्व्हरलेस करायचं. माझं आणि त्याचं शेवटचं भांडण त्यावर झालं.

मी म्हटलं, "कंटेनर सदा जागं असतं. हाक आली की तत्काळ ओ. तुझं सर्व्हरलेस झोपलेलं असतं. पहिल्या हाकेला उठायला वेळ लागतो, तूच सांगितलंयस."

"व्हय. लागतो."

"आणि एकदा त्या कंपनीच्या रीतीनं लिहिलंस की दुसरीकडे हलवणं अवघड. बिऱ्हाड कुठंही नेता येतं. हे नाही."

"हेबी खरं. एका पाटलाच्या रानाची सवय लागती."

"मग?"

हात वर. एक, दोन, तीन.

"अक्का, बिऱ्हाडाला कुणीतरी घरचं लागतं. रोज झाडायचं, फाटलं ते शिवायचं, चोरचिलटाकडं बघायचं. मी न्हाय. प्रसादला डेअरी हाय. तुमी हायसा, तुमच्यावर माझा भरवसा हाय. तुमच्या गुडघ्यांवर न्हाय."

"माझे गुडघे ठणठणीत आहेत."

"आबाबी हेच म्हणायचा." मग म्हणाला, "वर्षातलं दहा महिनं ते बटण कुणी दाबत न्हाय. एवढं दिवस कुणी जागं राहायचं? आन् ज्या दिवशी दाबतील त्या दिवशी तीन सेकंद लागतील. कोंडाबाई डॉक्टरसाठी अर्धा दिवस चालली हुती."

"ती तीन सेकंदांत घाबरेल. पुन्हा पुन्हा दाबेल. तिला काय कळणार यंत्र उठतंय म्हणून?"

याचं उत्तर त्यानं करून आणलं. दोन दिवसांनी मला फोन दाखवला. बटण दाबलं की क्षणभरही न थांबता पडद्यावर एक उभा तळहात यायचा. साधं रेघांनी काढलेलं चित्र. त्याला यंत्र उठायची गरज नव्हती, ते आधीच तयार ठेवलेलं. तो हात तीन सेकंद दिसायचा, तोवर मागं यंत्र उठायचं, आणि हात खाली जाऊन त्याचाच आवाज यायचा, "बोला."

"हा हात जगातल्या कुठल्याबी मेंढक्याला वाचता येतो," तो म्हणाला.

मी त्याला विचारलं, "आणि आता खंडेनवमीला मी पूजा कशाची करू? दिसत तर काहीच नाही."

हात. एक, दोन, तीन.

"हाक मारणाराची करा."

तो गेला. काठी घेऊन आला होता, काठी घेऊन गेला. घोंगडी नंदिनीवर राहिली, ती मी परत द्यायला विसरले असं म्हणायची पद्धत आहे.

आता माझी लबाडी सांगते. धुळानं जुनं कंटेनर बंद करायला सांगितलं होतं. मी बंद केलं नाही. प्रसादला न सांगता ते गुपचूप चालू ठेवलं, रोज सकाळी ते झाडायची, दुरुस्त करायची, त्याला विचारायची, जागं आहेस ना? ते कायम जागंच. एक माणूस त्याच्याकडे फिरकत नव्हता आणि ते दिवसरात्र डोळे उघडे ठेवून बसलेलं. म्हटलं, सर्व्हरलेस बसलं की मी लगेच हे पुढे करीन. धुळाच्या पानाला मी राखीन. खरं म्हणजे मला राखायला काहीतरी हवं होतं.

मग मार्चमध्ये अवकाळी आला. दुपारी तीनला आभाळ काळं झालं, गारा सुरू झाल्या आणि बारामतीतली लाईट गेली. ऑफिसात मी आणि प्रसाद. फोनवर बघते तर धुळाच्या पानावरच्या हाकांचा आकडा वर चढत होता. घाटावर गारपिटीत सापडलेले कळप. कित्येक महिने ज्याला कोणी हात लावला नव्हता ते बटण एका तासात माळामाळावरून दाबलं जात होतं. मी जुनं कंटेनर उघडून अंगठा तयार ठेवून बसले. आता अडकेल, आता पडेल. प्रत्येक हाकेपुढे ओ लागत गेली. एकही लंगडलं नाही. पाचला पाऊस थांबला. साडेपाचला आकडा थांबला. मी हाकांच्या यादीवर नजर टाकली आणि, धुळाशपथ, न मोजता मला कळलं की एकही कमी नाही.

दुसऱ्या दिवशी कोंडाबाईचा फोन आला. ऑफिसचा नंबर धुळानं तिला कधीतरी दिलेला. म्हणाली, "म्याडम, डाक्टर आला हुता. आदी धुळाचा हात दिसला, मंग डाक्टर."

"घाबरली नाहीस ना?"

"हात दिसल्यावर कशापायी भ्यायचं?"

फोन ठेवला आणि मी माझ्या हातानं ते कंटेनर बंद केलं. चार महिने एका रिकाम्या घरात दिवा लावून बसले होते. माझं मलाच हसू आलं.

त्यानंतर मी धुळाला एकदाच पाहिलं. पावसाळ्याच्या तोंडाला, मेंढरं परत गावाकडे निघतात तेव्हा. मी इंदापूरहून बारामतीला निघाले होते. एसटी स्टँडबाहेर हायवेला लागली आणि थांबली. पुढे ट्रक, ट्रकच्या पुढे आणखी ट्रक, सगळे थांबलेले. कंडक्टर म्हणाला, "मेंढरं हायत, बसा निवांत." खिडकीतून वाकून पाहिलं तर रस्त्याच्या मधोमध धुळा. दाढी वाढलेली, खांद्यावर नवी घोंगडी, काठी काखेत. उजवा तळहात छातीसमोर उभा. त्याच्या मागून मेंढरं जात होती, नाकाला नाक लावून, एक पांढरट मळका ओढा वाहावा तशी. शेवटी घोडं आणि लगाम धरलेली वहिनी.

ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. मी दारात जाऊन ओरडले, "धुळा, पान चालू आहे रे. सगळ्यांना ओ मिळाली."

त्यानं मान वळवली. मला ओळखलं असावं. हात तसाच राहिला. मी मनात म्हटलं, एक. दोन. तीन.

शेवटचं मेंढरू पलीकडे गेलं. त्यानं मागे वळून खांडव्यावर एक नजर टाकली, हात खाली घेतला, आणि आमची गाडी सोडली.